फ्लॅशला पत्रिका बांधणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "बरं बरं, चहा घे" म्हणत विषय मोडता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. नातू वाचून दाखवेलच.

मावसबहिणीचं लग्न ठरलं आणि फोटो आमची पोरगीच काढणार, असं मावशीनं परस्पर जाहीर करून टाकलं. मावशीच्या लग्नाचे फोटो तुमचे. म्हणजे ही ऑर्डर हक्कानं तुमचीच होती. माझ्याकडं कॅनन 1500डी, त्याच्याबरोबर आलेली 18-55 लेन्स आणि कराडच्या प्रीतिसंगमावर काढलेले ढीगभर सूर्यास्त, एवढंच भांडवल. घाबरून मी हप्त्यावर फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा नि लांबचं जवळ आणणारी 70-200 लेन्स घ्यायचं ठरवलं आणि चौकशीला तुमच्या कॅमेऱ्याच्या दुकानात आले. तुम्ही किंमत सांगितलीच नाही. "कॅमेरा ऱ्हाऊ दे. हॉल बघितलास का?"

बघितला नव्हता. तुम्ही मुहूर्ताच्याच वेळेला जाऊन यायला लावलंत. त्या दिवशी तिथं दुसरंच लग्न होतं, ते बरंच झालं. छताला गुलाबी कापड, खिडक्या एकाच बाजूला, स्टेजवर एलईडी दिव्यांची माळच. 1/500 सेकंद शटरवर काढलेल्या माझ्या फोटोंत आडवे काळपट पट्टे आले होते. कॅमेरा बिघडला म्हणून मी रडवेली होऊन आले, तर तुम्ही हसलात. आपली वीज 50 हर्ट्झची, स्वस्तातले दिवे सेकंदाला 100 वेळा मिणमिणतात, डोळ्याला कळत नाही पण शटरला कळतं. "1/100 वर ठेव आणि हात स्थिर ठेव." एवढाच उपाय, तोही फुकट.

मग कपाटातून 50 एमएमची ती छोटी लेन्स काढलीत. लेन्सच्या तोंडाचा आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं. माझी 18-55 पूर्ण झूम केली की 5.6 वर अडायची, ही 1.8 पर्यंत उघडते, म्हणजे जवळपास 10 पट उजेड. पण लगेच दटावलंत, की 1.8 वर मुंडावळ्या स्पष्ट येतील नि डोळे पुसट, तेव्हा 2.8 च्या खाली जायचं नाही. आणि माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, म्हणून त्यावर ती 80 एमएमसारखी वागते, चौकटीत कमी मावतं, तेव्हा वऱ्हाडाच्या ग्रुप फोटोला भिंतीपर्यंत मागं सरकावं लागेल. त्याला आपली 18-55 च. लाखभराचा हप्ता असा तुमच्या एका कपाटानं वाचवला. दुकानदार म्हणून तुम्ही वाईटच म्हणायचे!

फ्लॅशचं मात्र माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. छताकडं तोंड करून मारायचा, हे मी कुठंतरी ऐकलेलं. "छत पांढरं असंल तर. इथं नवरी गुलाबी यील." असं म्हणून तुम्ही टेबलावरची आमचीच लग्नपत्रिका उचललीत, कोरी बाजू पुढं आणि गणपतीची बाजू मागं करून फ्लॅशला रबर बँडनं बांधलीत. लग्नभर पुढं उजेड पडत होता आणि गणपती माझ्याकडं बघत होता.

मुहूर्ताला तुम्ही पाहुणे म्हणून आलात, कॅमेऱ्याशिवाय. शेवटच्या मंगलाष्टकाआधी मला स्टुलावर चढवलंत आणि स्टूल दोन्ही हातांनी धरून उभे राहिलात. "अंतरपाट बघू नको, नवरीचे डोळे बघ." शुभमंगल सावधान झालं, अंतरपाट सरला, वाजंत्री सुरू झाली. पुढ्यात पाच-पन्नास मोबाईल वर झालेले, पण मी त्यांच्याही वर होते. 1/100 वर अक्षता रेघांसारख्या उमटल्यात, काही दाणे फ्लॅशनं जागच्या जागी गोठलेत. तुमच्या केसांतही अक्षता होत्या. तुम्ही मात्र माझ्या पायांकडं बघत होता, स्टूल डगमगत होतं ना.

कानपिळी माझी हुकलीच. फ्लॅशचे सेल दमले होते, फ्लॅश तयार झाल्याचा दिवा लागेपर्यंत नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान सोडलासुद्धा. मी पांढरी पडले. तुम्ही मागून ओरडलात, "कॅमेऱ्यात आलं नाही, परत पिळा!" या खेपेला त्यानं असा काही पिळला की नवरदेव खरंच कळवळला, नवरीनं तोंडावर शालू धरला, आणि होमाच्या धुरातून भटजी हसताना दिसतात. अख्ख्या अल्बममध्ये लोक त्याच पानावर थांबतात.

आणखी एक. रोलच्या त्या काळ्या डबीत तुम्ही 32 जीबीची चार कार्डं घालून दिली होती. एक मोठं कार्ड खराब झालं तर सगळंच लग्न जातं म्हणून. 36 फोटोंच्या रोलवर लग्नं काढलेल्या माणसाला ही धास्ती शिकवावी लागत नाही. माझ्या कॅमेऱ्याला कार्डाची एकच खाच, त्यामुळं भरलेलं कार्ड डबीत, डबी आईच्या पर्समध्ये, असं दिवसभर चाललं. आई जेवतानासुद्धा पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

भाड्याचं विचारलं तर म्हणालात, "एक फोटो छापून आण." तो कानपिळीचा 8 बाय 12 आता तुमच्या काउंटरच्या काचेखाली आहे. परवा एका गिऱ्हाइकाला तुम्ही "आमच्या पोरीनं काढलाय" असं सांगितलंत, हे मला दारातून ऐकू आलं. मी तशीच परत फिरले, म्हणून तुमचे चार सेल आणि डबी अजून माझ्याकडंच राहिलीत. रविवारी आणून देते. पत्रिका देणार नाही.

आपली,
स्टुलावरची पोरगी