खडेबाजारातल्या चष्मेवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

बालीहून परत आल्यावर आभार मानायला दुकानात येऊन गेले, पण गिऱ्हाइकांची गर्दी होती आणि तुम्ही "असू दे, असू दे" म्हणत विषयच मिटवलात. म्हणून आता चार लोकांसमोर लिहिते.

माझा नंबर उणे साडेपाच. स्कूबाच्या, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन समुद्रात डुबकी मारायच्या, मास्कखाली चष्मा चालत नाही; काडी आडवी आली की रबर चेहऱ्याला धरत नाही आणि पाणी आत शिरतं. कॉन्टॅक्ट लेन्स मला सोसत नाहीत. त्यामुळं बालीतल्या तुलांबेनचं ‘लिबर्टी’, माझं सगळ्यांत लाडकं बुडालेलं जहाज, मी आजवर धुक्यातूनच पाहत आले होते.

"बुडालेलं जहाज किनाऱ्याला कसं?" असं तुम्ही विचारलं होतं. त्याची हकीकत अशी. 1918 साली अमेरिकेत बांधलेलं हे मालवाहू जहाज. 11 जानेवारी 1942 ला लोंबोकच्या सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीनं त्यावर टॉर्पेडो सोडला. ओढून नेताना आत पाणी फार भरायला लागलं, म्हणून तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवलं. तिथं ते पडून राहिलं ते 1963 पर्यंत. त्या वर्षी आगुंग ज्वालामुखी उसळला आणि त्याच्या हादऱ्यांनी जहाज घसरून समुद्रात गेलं. आता ते काळ्या वाळूच्या उतारावर आहे, वरचा भाग पाचेक मीटरवर, खालचा तिसेक मीटरवर. बोटीचीही गरज नाही. गोल धोंड्यांवरून चालत पाण्यात शिरायचं. तिथल्या बायका जड सिलिंडर डोक्यावर घेऊन त्या धोंड्यांवरून चालतात. त्यांचे आभार तिथंच मानून आले.

मास्कमध्ये नंबर बसवायचा म्हटल्यावर बाकीच्यांनी हात झटकले. तुम्ही मास्क उजेडात धरून पाहिलात आणि पहिला प्रश्न केलात, "किती खोल जातासा?" मग मास्क माझ्या तोंडावर चढवूनच बुबुळांमधलं अंतर मोजलंत. मास्कची काच चष्म्यापेक्षा डोळ्यापासून लांब राहते, म्हणून नंबर किंचित वाढवावा लागेल, हे तुम्ही स्वतः हिशेब करून सांगितलंत. भिंगाची पुढची बाजू सपाट ठेवून ते काचेला आतून चिकटवलंत. डाव्या भिंगाखाली मोहरीएवढा बुडबुडा राहिला होता. मी चालेल म्हणत होते. तुम्ही ते भिंग काढून, साफ करून पुन्हा लावलंत आणि त्याचे जादा पैसे घेतले नाहीत.

काका, त्या बुडबुड्याविना मला काय दिसलं ते ऐका. वाळूतून माना काढून डुलणाऱ्या गार्डन ईल (सापासारखे बारीक मासे) एकेक वेगळ्या दिसल्या. पूर्वी मला तिथं गवत उगवल्यासारखं वाटायचं. जहाजाच्या फासळ्या कुठं संपतात आणि प्रवाळ कुठं सुरू होतं, ती कड दिसली. मी उद्यमबागेत फौंड्रीत काम करते, लोखंड रोज बघते. पण समुद्रानं लोखंडाचं काय केलंय हे इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. आणि खाली एका समुद्रपंख्यावर, म्हणजे पंख्यासारख्या पसरलेल्या प्रवाळावर, पिग्मी सीहॉर्स, इवलासा समुद्रघोडा! दोन सेंटिमीटरसुद्धा नाही, अंगावर पंख्यासारख्याच गाठी. तेवढ्या खोलीवर तांबडा रंग उरत नाही, टॉर्च मारला की गुलाबी उजळतो. पूर्वी गाइडनं बोट दाखवलं तरी मला नुसता पंखाच दिसायचा. या वेळी त्याचा डोळा दिसला. पाण्यात सगळं एक तृतीयांश मोठं दिसतं खरं, पण अंधुक ते मोठं होऊनही अंधुकच राहतं. तो डोळा तुमच्यामुळं दिसला.

आमच्या गटातली निपाणीची मैत्रीण पुढच्या आठवड्यात तुमच्याकडं येईल. तिचा नंबर उणे सात, वर चाळिशीही लागलीय. मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरचे (खोली आणि वेळ दाखवणाऱ्या यंत्राचे) आकडे वाचता यावेत म्हणून भिंगात खाली वाचायचा तुकडा बसवता येईल का, ते बघून ठेवा. मास्क ती घेऊनच येतेय.

तुमची,
उणे साडेपाचवाली