मँचेस्टरहून बाबांना

मँचेस्टर, रविवार

ती. बाबांस,
शि. सा. न.

तुम्ही पाठवलेला ग्राफीन बॅटरीचा फॉरवर्ड वाचला. पाच मिनिटांत चार्ज, आठवडाभर चिंता नाही! ‘हे तुमच्याच लॅबमधलं का?’ असं विचारलंत. नाही हो. आणि त्यावरून कुणी शेअर घ्यायला सांगितले तर अजिबात घेऊ नका. २०१८ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी जगभरातल्या ६० उत्पादकांचं ‘ग्राफीन’ तपासलं होतं. बहुतेकांच्या मालात खरं ग्राफीन १० टक्क्यांहूनही कमी निघालं. बाकी साधी ग्रॅफाइटची भुकटी, पेन्सिलीत असते तीच. काकांनाही वाचून दाखवा, फॉरवर्ड त्यांच्याकडूनच आला असणार.

फोनवर विषय निघाला की आई मागून ‘जेवलीस का’ विचारते आणि सगळं राहून जातं, म्हणून एकदा लिहूनच कळवते.

ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच्या थरांची चळत. एक मिलिमीटर जाडीत साधारण ३० लाख थर. त्यातला एकच सुटा केला की ग्राफीन. त्यातले इलेक्ट्रॉन कसे वागतील याचं गणित फिलिप वॉलेस यांनी १९४७ मध्येच मांडलं होतं, पण एका अणूइतका पातळ पापुद्रा प्रत्यक्षात टिकेल यावर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. २००४ मध्ये इथल्याच गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी तो चिकटपट्टीनं काढून दाखवला. २०१० च्या नोबेलच्या वेळी सगळ्या पेपरांनी चिकटपट्टीचंच कौतुक केलं. पण वरचा थर टेपनं सोलून ग्रॅफाइट स्वच्छ करायची पद्धत लॅबमध्ये आधीपासून होती, वापरलेली टेप तिला चिकटलेल्या पापुद्र्यांसकट कचऱ्यात जायची. खरी मेख पुढे आहे. सिलिकॉनच्या चकतीवर सुमारे ३०० नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर असेल, तर त्यावर पडलेला एका अणूच्या जाडीचा तुकडा साध्या मायक्रोस्कोपमधून किंचित वेगळ्या छटेचा दिसतो. दिसला म्हणून सापडला!

माझं निम्मं आयुष्य ही छटा शोधण्यात जातं. चांगला फ्लेक, म्हणजे पापुद्र्याचा तुकडा, मिळाला की तो बोरॉन नायट्राइडच्या दोन थरांमध्ये ठेवायचा, कारण नुसत्या ऑक्साइडवर इलेक्ट्रॉनांना फार अडथळे येतात. बोरॉन नायट्राइडचे उत्तम स्फटिक जपानात त्सुकुबाला तानिगुची आणि वातानाबे बनवतात, हवेच्या ४०,००० पट दाबाखाली, आणि जगभरच्या लॅबना पाठवतात. आमच्या क्षेत्रातले पेपर चाळा, लेखकांत ही दोन नावं पुन्हा पुन्हा भेटतील. नोबेलच्या गोष्टीत ती येत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

आता माझं काम. मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर जरा तिरके पडले की मोठमोठी नक्षी उमटते ना, तशीच ग्राफीनच्या दोन थरांतही उमटते. २०११ मध्ये टेक्ससच्या बिस्ट्रिट्झर आणि मॅकडोनाल्ड यांनी गणित केलं की दोन थरांत सुमारे १.१ अंशाचा कोन असेल तर इलेक्ट्रॉन जवळजवळ थबकतील. २०१८ मध्ये एमआयटीत हारिल्यो-एर्रेरो यांच्या गटानं तो कोन साधला, तर काय, उणे २७१ अंशांच्या आसपास त्यातून विरोधाशिवाय वीज वाहायला लागली! दुसरं मूलद्रव्य मिसळलं नाही. थर फिरवले आणि व्होल्टेज लावून इलेक्ट्रॉनांची संख्या जुळवली, एवढंच. मी असेच फिरवलेले थर रचते आणि थंड करून मोजते. बाजारात यातून काय येईल ते मला सांगता येणार नाही. ग्राफीनचा साधा ट्रान्झिस्टर पुरता बंदच होत नाही, त्यामुळे सिलिकॉनची जागा ते उद्या घेणार या बातमीवरही भरवसा ठेवू नका.

राहिला तुमचा खरा प्रश्न, जो तुम्ही फोनवर आडून विचारता. इथलं कंत्राट उन्हाळ्यात संपतंय. मुदतवाढ मिळेलही, पण दोन-दोन वर्षांच्या कंत्राटांवर किती काढायचं? मी पुण्या-मुंबईतही अर्ज करते आहे. तिथे हे काम होत नाही असं समजू नका. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांचा गट बरीच वर्षं ग्राफीनवर उत्तम काम करतोय. मला काळजी आहे ती थर थंड करायला लागणाऱ्या हीलियमची. तो आपल्याकडे आयात करावा लागतो, महाग पडतो, आणि त्याच्याविना माझी मोजमापं होत नाहीत. मुलाखत झाली तर आधी तेच विचारणार आहे. लग्नाचं आईनं त्यात मिसळू नये, एवढं तिला तुम्हीच सांगा. माझं ती ऐकत नाही.

अर्जासाठी एम.एस्सी.च्या दोन्ही वर्षांच्या गुणपत्रिका लागतील. तुमच्या कपाटात एलआयसीच्या फायलीखाली आहेत. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून ईमेलनं पाठवा. मोबाइलवर फोटो काढू नका, सावली पडते. गुरुवारपर्यंत मिळाल्या तर बरं.

तुमची,
मनू