एम.एस्सी.नंतर फक्त नेट-सेटच?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की ‘पुढे काय?’ या प्रश्नाने वृत्तपत्रांच्या पुरवण्या भरून वाहतात. एम.एस्सी. झालेल्याला मात्र हा प्रश्न कोणी विचारत नाही. एवढा शिकला आहे, म्हणजे त्याचे त्याला कळत असेल, असा समज असावा. पदव्युत्तर रसायनशास्त्र विभागात शिकवून निवृत्त झाल्यावर मी खात्रीने सांगू शकतो की बहुतेकांना कळत नाही. शेवटच्या सत्रात विचारले की ठरलेले उत्तर यायचे, “सर, नेट-सेट.”

प्राध्यापक होण्याच्या पात्रतेच्या या परीक्षांना, राष्ट्रीय पातळीवरची नेट आणि राज्याची सेट, नावे ठेवण्याचा हेतू नाही. ज्याला संशोधन करायचे आहे त्याने विज्ञान विषयांची सीएसआयआर-यूजीसी नेट द्यायलाच हवी. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर दरमहा ३७ हजार रुपये आणि दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ शिष्यवृत्ती) झाल्यावर ४२ हजार, हे दर २०२३ पासून लागू आहेत. पण आपल्याकडे ही परीक्षा संशोधनापेक्षा प्राध्यापकीच्या आशेनेच जास्त दिली जाते. २०२३ च्या जुलैत विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) सहायक प्राध्यापकपदासाठी नेट, सेट किंवा स्लेट (सेटसारखीच राज्यस्तरीय परीक्षा) ही किमान पात्रता ठेवून पीएच.डी. ऐच्छिक केली, तेव्हा तर अनेकांना आता गंगेत घोडे न्हाले असे वाटले. प्रत्यक्षात सेट निघते आणि तासिका तत्त्वावरच्या मुलाखतींचे चक्र सुरू होते. शिकवलेल्या तासांचेच पैसे, सुट्टीत काही नाही, पुढच्या जूनमध्ये पुन्हा नवा अर्ज. यात पगारापेक्षा वय जास्त खर्च होते.

आणि बाकीच्या बऱ्याच वाटांवर वयाची पाटी लावलेली असते. भाभा अणुसंशोधन केंद्राचे प्रशिक्षण विद्यालय १९५७ पासून चालू आहे. भौतिक, रसायन, जीवशास्त्राच्या एम.एस्सी.ला तिथे वर्षभराच्या प्रशिक्षणानंतर थेट वैज्ञानिक अधिकारी होता येते. खुल्या गटासाठी वयोमर्यादा २६ आणि गुणांची अट ६० टक्के. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी एम.एस्सी. होणाऱ्याच्या हातात किती संधी उरतात ते पाहा! यूपीएससीची भू-वैज्ञानिक परीक्षा ३२ व्या वर्षापर्यंत देता येते, पण ती फक्त भूगर्भशास्त्राची, असे समजून रसायनवाले जाहिरात वाचतच नाहीत. त्याच परीक्षेतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात ‘केमिस्ट’ घेतले जातात. अन्नसुरक्षा अधिकारी पदाचेही तसेच. सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जीवरसायनशास्त्रातली पदवी तिथे पुरते, रसायनशास्त्र असेल तर मात्र पदव्युत्तर पदवीच लागते. म्हणजे एम.एस्सी.चा थेट उपयोग होणारी ही जागा, आणि आमच्या विद्यार्थ्यांना ती कळायची ती अर्जाची मुदत उलटल्यावर.

भौतिकशास्त्राच्या मुलांना मी एक वाट आवर्जून सांगत असे. कर्करोगाच्या रुग्णाला किरणोत्सर्गाची मात्रा किती, हे डॉक्टर ठरवतात. ती गाठीवर नेमकी पडावी आणि शेजारचा अवयव वाचावा, यासाठी किरणांची दिशा व आकार संगणकावर आखणारा आणि यंत्रातून ठरल्याइतकीच मात्रा बाहेर पडते की नाही हे मोजून पाहणारा माणूस वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ असतो. किरणोपचार केंद्राला अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमानुसार तो नेमावाच लागतो. त्यासाठी एम.एस्सी.नंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका आणि इंटर्नशिप करावी लागते. ऐकून मुले चकित होत, कारण दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात याचा उल्लेखही आलेला नसे.

खासगी क्षेत्राबद्दल तर उगाच नाक मुरडले जाते. “एम.एस्सी. करून कंपनीत क्यूसी?” हे वाक्य मी पालकांकडूनही ऐकले आहे. क्यूसी म्हणजे मालाची गुणवत्ता तपासण्याचे काम. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, रात्रपाळी चुकत नाही, हे खरेच. पण औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत विज्ञानाची शिस्त अंगी मुरते. एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, आधी प्रमाण द्रावणाची पाच-सहा इंजेक्शने द्यायची, त्यांच्या मोजमापांतला फरक साधारण दोन टक्क्यांच्या वर गेला की नमुन्याला हातच लावायचा नाही. प्रत्येक नोंद ऑडिट ट्रेलमध्ये (कोणी, कधी, काय केले याच्या संगणकीय नोंदीत) राहते, नको तो आलेख गुपचूप पुसता येत नाही. हे काम तीन-चार वर्षे नीट केलेला माणूस पुढे रेग्युलेटरी अफेअर्समध्ये जाऊ शकतो. औषधाच्या मंजुरीसाठी पाच भागांचे जे कागदपत्र तयार होते, त्यातला गुणवत्तेचा भाग त्याला लिहिता येतो, कारण त्यातले आकडे कुठून येतात हे त्याने पाहिलेले असते. आमच्या अनेक विभागांत मात्र यंत्राभोवती पंधरा मुलांनी कोंडाळे करायचे आणि बटण सरांनी दाबायचे, याला प्रात्यक्षिक म्हणतात. मुलाखतीत ‘तुम्ही स्वतः कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) जोडला आहे का?’ असे विचारल्यावर मुलगा गप्प बसला, तर दोष कोणाचा?

पेटंट एजंटची परीक्षा, क्लिनिकल डेटाचे काम, न्यायसहायक प्रयोगशाळा यांवर स्वतंत्र पत्रे लिहिता येतील, इथे जागा नाही.

माझी मागणी साधी आहे. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनासाठी प्रत्येक महाविद्यालय आपले माजी विद्यार्थी कोणत्या नोकरीत किंवा उच्च शिक्षणात गेले याची माहिती जमवतेच. ती समितीपुरती फायलीत ठेवण्याऐवजी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या प्रवेशावेळी सूचनाफलकावर लावावी. गेल्या पाच तुकड्यांतले किती तासिका तत्त्वावर आहेत, किती कंपनीत आणि किती घरी, तेही त्यात असू द्यावे. आपल्या पुरवणीत वर्षातून एखादे पान या परीक्षांच्या जाहिरातींचे महिने आणि वयोमर्यादा छापायला दिले, तर ज्या मुलांच्या विभागांनी हे केले नाही त्यांचीही सोय होईल.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक