दोन जोडण्या, एकच चर

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: ‘स्वतंत्र मार्ग’ म्हणून दिलेल्या दोन जोडण्या एकाच केबलमधून नेल्याबद्दल तक्रार

महोदय,

आमच्या पतसंस्थेच्या संगमनेर येथील मुख्य कार्यालयाला तुमच्या कंपनीने तीन वर्षांपूर्वी दोन व्हर्च्युअल जोडण्या (म्हणजे स्वतंत्र तार न टाकता तुमच्याच सामायिक जाळ्यातून आखून दिलेल्या वाटा) दिल्या. एक पुण्याच्या डेटा सेंटरला, दुसरी मुंबईच्या. पुण्याची जोडणी आळेफाटा, नारायणगाव, चाकणवरून जाईल आणि मुंबईची सिन्नर, नाशिकवरून, असे तुमच्या प्रतिनिधीने संचालक मंडळासमोर नकाशा पसरून सांगितले होते. एक दक्षिणेकडे, एक उत्तरेकडे. दुसऱ्या जोडणीचे भाडे आम्ही दरमहा भरतो ते एवढ्याच भरवशावर.

मंगळवार, 10 जून रोजी सकाळी 11 वाजून 20 मिनिटांनी पुण्याची जोडणी गेली. सगळा व्यवहार आपोआप मुंबईकडे वळायला हवा होता. पण मुंबईचीही जोडणी त्याच क्षणी गेली होती. दुपारी पावणेपाचपर्यंत आमच्या अकराही शाखांचे व्यवहार बंद राहिले. दुधाच्या पगाराचा दिवस होता आणि पेरणीचे दिवस. साकूर शाखेत एक आजी सोयाबीनच्या बियाण्यासाठी पैसे काढायला आल्या होत्या. तीनच्या एसटीची वेळ होईपर्यंत पासबुक हातात धरून बाकावर बसल्या आणि तशाच परत गेल्या. पैसे त्यांचे स्वतःचे होते. त्यांना काय सांगायचे हे आमच्या कॅशियरला कळेना.

मी गाडी काढून घारगावच्या पुढे गेलो. रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने केबल तोडली होती. तुमचे जोडारी व्हॅनच्या मागच्या दारात, छत्रीखाली बसून केबलमधला काचेचा एकेक तंतू जोडत होते. मी शेजारी उभा राहिलो आणि फोनवर कार्यालयातल्या सहकाऱ्याला स्क्रीनवर लक्ष ठेवायला सांगितले. केबलच्या आतल्या निळ्या नळीतले तंतू जोडून झाले आणि तो म्हणाला, “पुणे आलं.” मग नारिंगी नळी उघडली. आठ-नऊ मिनिटांनी तो म्हणाला, “मुंबई आली.” एकच केबल, एकच जॉइंट बॉक्स. नाशिकवरून जाणारी आमची मुंबईची जोडणी घारगावच्या चरात काय करत होती?

याचे उत्तर आम्हीच शोधले, कारण तुमच्या कॉल सेंटरकडून “केबल कट, काम चालू आहे” यापलीकडे काही मिळाले नाही. मुंबईच्या जोडणीच्या पिंगची, म्हणजे संदेश तिकडे जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेची, नोंद आम्ही रोज ठेवतो. 13 मार्चच्या रात्री ती 6 मिलिसेकंदांवरून 7 वर गेली आणि तिथेच राहिली. काचेच्या तंतूतून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे 200 किलोमीटर जातो. जाऊन-येऊन एक मिलिसेकंद वाढला म्हणजे एका बाजूची वाट साधारण 100 किलोमीटरने लांबली. त्या रात्री तुम्ही आमची जोडणी नाशिकवरून काढून पुण्याकडे वळवलीत आणि आम्हाला कळवले नाही.

हे कसे झाले असेल, याचा अंदाज आम्हाला आहे. व्हर्च्युअल जाळे प्रत्यक्ष जाळ्यावर बसवणाऱ्या तुमच्या प्रणालीने कुठे किती क्षमता मोकळी आहे ते पाहिले आणि जोडणी तिकडे सरकवली. निळी नळी आणि नारिंगी नळी तिच्या लेखी दोन वेगळ्या कड्या, म्हणजे जाळ्यातले दोन वेगळे दुवे. पण दोन्ही एकाच चरात पुरल्या आहेत, हे तिला कोणी सांगितलेले नाही. तुमच्याच क्षेत्रात यासाठी नियम आहे: एका चरातून, एका पुलावरून, एका एक्स्चेंजच्या इमारतीतून जाणाऱ्या सगळ्या कड्यांना एकच ‘सामायिक धोका गट’ द्यायचा आणि मुख्य व पर्यायी मार्ग एका गटात कधीच येऊ द्यायचे नाहीत. हा नियम फक्त पहिल्या दिवशी पाळून भागत नाही. जोडणी जितक्या वेळा हलवाल तितक्या वेळा तो तपासावा लागतो. 13 मार्चला तो तपासला गेला नाही.

फरक किती पडतो ते पाहा. करारात प्रत्येक जोडणी 99.5 टक्के वेळ चालू राहण्याची हमी आहे, म्हणजे वर्षाला जवळपास 44 तास बंद राहण्याची मुभा. दोन्ही खरोखर स्वतंत्र असतील, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याचा हिशेब वर्षाला 13 मिनिटांच्या आसपास येतो. एकाच चरात असतील, तर पुन्हा ते 44 तास. त्या 44 तासांपासून सुटका म्हणून आम्ही दुप्पट पैसे भरतो.

तुमच्या 16 जूनच्या उत्तरात लिहिले आहे की जेसीबीने केबल तोडणे कंपनीच्या हाताबाहेरचे असून असे प्रसंग अपवादात्मक असतात. जेसीबी तुमचा नव्हता, मान्य. पण केबल तुटणे अपवादात्मक कसे? खोदण्याआधी केबलवाल्यांना कळवता यावे म्हणून सरकारने मार्च 2023 मध्ये खास ॲप काढले, ते रोज केबली तुटतात म्हणूनच. जानेवारी 2008 मध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन मोठ्या केबली तुटल्या आणि भारतातले इंटरनेट कितीतरी दिवस रखडले. वाटा जवळजवळ असल्या की असे होते, हे तुमच्या अभियंत्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

साडेपाच तासांच्या भाड्याची सूट तुम्ही देऊ केली आहे. ती आम्ही स्वीकारत नाही. 13 मार्चपासून आमच्याकडे दुसरी जोडणी नव्हतीच, त्यामुळे तेव्हापासूनचे तिचे संपूर्ण भाडे परत करावे. मुंबईची जोडणी तातडीने सिन्नर-नाशिक मार्गावर न्यावी. दोन्ही मार्गांचा चर, पूल आणि एक्स्चेंजसह प्रत्यक्ष नकाशा लेखी द्यावा. आमच्या दोन्ही जोडण्यांचे व्हर्च्युअल राउटर (वाहतुकीला वाट दाखवणारी, सॉफ्टवेअरमधून चालणारी उपकरणे) तुमच्याकडे एकाच यंत्रावर चालतात का, तेही त्यात स्पष्ट लिहावे. ही शंका 10 जूनपर्यंत आमच्या मनातही आली नव्हती. यापुढे मार्ग बदलायचा असेल तर सात दिवस आधी कळवावे, ही अट करारात घालावी.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत उत्तर न आल्यास आमचे वकील नोटीस पाठवतील. जॉइंट बॉक्सचे फोटो आणि मार्च ते जूनच्या पिंगच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत.

आपला,
व्यवस्थापक, संगणक विभाग
(संचालक मंडळाच्या वतीने)