तात्यांचा ओळंबा

अनगोळ, बेळगाव
रविवार, रात्री

प्रिय भावड्या,

सप्रेम नमस्कार.

तुझे पंचवीस हजार शुक्रवारीच जमा झाले. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर मी 'होय होय' म्हणून मोकळा झालो असतो आणि मग सहा महिने तुला तोंड चुकवत बसलो असतो. तुझा मेसेज तीनदा वाचला. घर झालं की दारावर तुझ्या तात्यांच्या नावाची संगमरवरी पाटी, वास्तूला तू आणि वहिनी येणार, चार फोटो, गावजेवण. तुझ्या मनातलं कळतंय रे. पण पाटी लावता येणार नाही. आणि तुझ्या पैशातून 'घर' होणार आहे असं जे तू धरून चाललायस, तेही तसं नाही. म्हणून हे पत्र. लांबणार आहे.

आधी ज्यांच्यासाठी हे चाललंय त्या आजींचं सांगतो. नाव लिहीत नाही, का ते पुढे येईल. खानापुराहून जांबोटीला जाताना डावीकडे एक वाडी आहे, पंचवीसेक उंबरे. आजी, त्यांची विधवा सून आणि दोन नातवंडं. सून वीटभट्टीवर जाते, भट्टी बंद असली की लावणीला. जमीन म्हणजे घराखालची, तेवढीच. मातीच्या भिंती, दीड हात जाड, वर कौलं. जोतं नाहीच, जमिनीतनंच भिंत वर आलेली.

गेल्या श्रावणात मी तिथे गेलो तेव्हा पिशवीत तात्यांचा गवंडीकामाचा ओळंबा होता. तोच, पितळी, तू घर विकलंस तेव्हा हत्यारांच्या पेटीबरोबर माझ्याकडे ठेवून गेलास तो. आढ्याखाली खिळा मारला आणि दोरी सोडली. दोरी मधेच भिंतीच्या पोटावर टेकली आणि खाली ओळंबा भिंतीपासून चार बोटं लांब लोंबकळत राहिला. चार बोटं, भावड्या! आमच्या फाउंड्रीत पॅटर्न अर्धा मिलीमीटर चुकला तर सुपरवायझर डोकं खातो. इथे चार बोटं पोट सुटलेल्या भिंतीखाली दोन पोरं अभ्यास करत बसली होती.

मी विचारलं, "आजी, भीती वाटत नाही?" तर म्हणाल्या, "वाटते की. म्हणून तर चुलीमागच्या भिंतीकडं निजतो गा. चुलीच्या उबेनं ती वाळलेली असते." पावसाळ्याचे चारही महिने चौघं त्या एका भिंतीला चिकटून झोपतात. एवढं स्थापत्यशास्त्र मला कुणी शिकवलं नव्हतं.

मी आपला शहाणपणा दाखवायला म्हटलं, वर पत्रे घालून देऊ, हलके असतात. (तूही तेच लिहिलंयस, 'पत्र्याची शेड स्वस्तात होईल.') आजींनी मान हलवली. "पत्रं नको. पत्र्यावर पाऊस लागला की काय ऐकू येत नाही. भिंत करकरली तर कळणार कसं?" त्या रात्रभर भिंत ऐकत असतात. पावसाचा जोर असताना तेवढं भय नाही म्हणाल्या, उघडीप पडली की भय. बरोबरच आहे. खालून ओल चढून बूड मऊ झालेलं, वरून फुटक्या कौलातून पाणी मुरलेलं, आणि मग एका बाजूला ऊन लागलं की माती आकसते, चीर जाते, अख्खी भिंत बसते. २०२१ च्या ऑक्टोबरात बेळगाव तालुक्यातल्या बादल अंकलगीला पावसानं भिजलेली भिंत कोसळून सात जण गेले, आठवतंय ना? सगळ्या टीव्हीवर होतं. तेव्हा आपण दोघांनी हळहळ केली आणि फोन ठेवला.

आता तू विचारशील, सरकारी घर का नाही मिळालं. मिळालंय की! मंजुरीचा कागद आजींच्या ट्रंकेत आहे. राज्य सरकारच्या बसव वसती योजनेत नाव आलं, ग्रामसभेत वाचलं गेलं. १ लाख २० हजार. पण पैसे हातात येत नाहीत, टप्प्याटप्प्यानं येतात. पाया झाला, त्याचा जीपीएस फोटो पंचायतीनं वर पाठवला, की पहिला हप्ता. मग लिंटलपर्यंत, म्हणजे दारा-खिडक्यांच्या वरच्या पट्टीपर्यंत भिंती, मग छप्पर, मग पुरं घर. कागदावर चोख वाटतं, पैसा खाल्ला जाऊ नये म्हणून केलेलं. पण पहिल्या फोटोसाठी पाया आपल्या पदरचा घालावा लागतो. ज्याच्या पदरात पाया घालायला पैसे आहेत तो आजींइतका गरीब नसतो, आणि जो आजींइतका गरीब आहे त्याचा कागद ट्रंकेतच राहतो. एवढीच गोम आहे.

मग लोक काय करतात? फायनान्सवाल्याकडे जातात. आठवड्याचा हप्ता, दहा बायकांचा गट, एकीनं चुकवला की नऊ जणी दारात. हे इतकं वाढलं की फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारला वसुलीच्या जुलूमाविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. आमच्या यादीतल्या एका घरानं पायासाठी असंच कर्ज काढलं होतं. सरकारी हप्ता आला तो फायनान्सला गेला, भिंती तिथेच कमरेएवढ्या राहिल्या.

म्हणून आम्ही पाच जणांनी दोन वर्षांपूर्वी ठरवलं, घर बांधायचंच नाही. फक्त जोतं. अडीच फूट खोल पाया, दगड, वर दीड फूट जोतं, त्यावर चार लोखंडी सळ्यांचा काँक्रीटचा पट्टा सगळ्या बाजूंनी फिरवलेला, आत मुरूम ठोकून भरलेला. केंद्राच्या घरकुल योजनेत घर कमीत कमी २५ चौरस मीटरचं धरतात, म्हणजे पावणेतीनशे चौरस फूट. आम्हीही तेवढंच धरतो. लाखाच्या आसपास जातात. १ लाख २० हजारात घर होत नाही हे पंचायतीलाही माहीत आहे आणि गवंड्यालाही. पण जोतं आमचं, भिंतींना सरकारी हप्ता, वर जुनेच वासे आणि खानापूरची कौलं, अंगमेहनत घरच्यांची, असं करून कसंबसं उभं राहतं. दोन वर्षांत चार जोती झाली.

चारातलं एक फसलं, ते लपवत नाही. आधारवर एक नाव, रेशन कार्डावर दुसरं, आणि घराचा उतारा सासऱ्याच्या वडिलांच्या नावावर. वारसा लावलेलाच नाही. जोतं झालं, फोटो गेला, हप्ता काही आला नाही. आम्ही आधी कागद बघायला हवे होते, उत्साहात बघितले नाहीत. त्या जोत्यावर ती बाई आता मिरच्या वाळवते. मी गेलो की म्हणते, "मिरच्या बऱ्या वाळतात हं, दादा." टोमणा आहे की खरंच सांगते, कायकी.

तेव्हापासून कागद आधी. कागदाचं बघणारा आमच्यातला बैलहोंगलचा आहे, कन्नड. सगळे अर्ज कन्नडमध्ये, घराच्या उताऱ्यासाठी ई-स्वत्तूचे फॉर्म ९ आणि ११ काय, सरकारी जागेवरचं घर नावावर करायचा ९४-सी काय, मला त्यातलं निम्मं कळत नाही. एक नोव्हेंबरला तो कर्नाटक राज्योत्सवात असतो आणि मी, बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणून निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीत. दोन तारखेला दोघं एका गाडीवर बसून पंचायतीत जातो. गाडीवर या विषयावर बोलायचं नाही असं ठरलंय. पेट्रोल मी घालतो, बोलणी तो खातो.

पैसे मागण्याचं सांगतो, कारण तिथेच मी शेण खाल्लंय. सुरुवातीला मला वाटायचं मागणं सोपं. उद्यमबागेतल्या कारखान्यांतल्या पोरांनी एकेका दिवसाचा पगार दिला. एका गणेश मंडळानं डॉल्बी एका दिवसानं कमी केली आणि ते पैसे दिले, तेही मिरवणुकीत जाहीर न करता. वडगावच्या भिशीतल्या बायकांनी तर उचललेली भिशीच पुढे केली, मलाच लाज वाटली. पण आजींच्या वेळी हात आखडले होते. महिनाभर आकडा हलेना. तेव्हा मी त्या पोट सुटलेल्या भिंतीपुढे आजींना आणि नातीला उभं केलं, फोटो काढला, चार ओळी लिहिल्या आणि सगळ्या ग्रुपवर टाकला. दोन दिवसांत अडतीस हजार. मी खूश!

तिसऱ्या दिवशी सून भेटली. पोरगी शाळेला जायची बंद झाली होती. सातवीत आहे. कुणाच्या तरी बापाच्या मोबाइलवर तो फोटो वर्गात आला होता आणि कुणीतरी तिला विचारलं, 'तुझ्यासाठी भीक मागायलेत काय?' मी फोटो काढून टाकला. पण फॉरवर्ड झालेलं परत कुठलं येतंय? पोरगी चार दिवसांनी शाळेत गेली. मी गेलो की आत जाऊन बसते, अजूनही. आजी म्हणतात, "मरूंदे गा, पोर आहे." मला ते 'मरूंदे' पचत नाही.

आता माणसांचे फोटो नाहीत. मी आलेख कागदावर भिंत काढतो, दोरी काढतो, ओळंबा काढतो, चार बोटं लिहितो आणि तेच पाठवतो. नाव नाही, गाव नाही. देणग्या तिसऱ्या हिश्शावर आल्या. आमच्यातला एक जण म्हणाला, तुझ्या तत्त्वापायी एक जोतं कमी होतंय. त्याचं म्हणणं खोटं नाही. तरी फोटो टाकणार नाही.

दुसरा वाद परतफेडीचा झाला. हप्ता आला की जोत्याचे पैसे परत घ्यावेत, म्हणजे पुढच्याला देता येतील, असं दोघांचं म्हणणं. हिशेबाला ते बरोबर. पण मग आपण आणि फायनान्सवाला यांत फरक फक्त व्याजाचा. शेवटी आजींच्याच वाडीतल्या एका म्हाताऱ्यानं तोडगा काढला, पैरा करा म्हणाला. लावणीत करतात तसा. आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे. ज्याचं जोतं होईल त्या घरानं पुढच्या जोत्याला आठ दिवस काम द्यायचं. ते चाललंय. मिरच्यावाली बाईसुद्धा आली होती, सगळ्यांच्या आधी, स्वतःचं घमेलं घेऊन.

आता तुझं. तुझे पैसे आजींच्या जोत्याला घातलेत. म्हणजे ते जमिनीत जाणार, आणि काम झालं की त्यातलं काहीही दिसणार नाही. लोकांना छपरासाठी पैसे द्यायला आवडतात, रंगासाठी आवडतात, दाराला तर रांग लागेल. पायाला कुणी देत नाही, कारण पायापुढे उभं राहून फोटो काय काढायचा? पाटीचं म्हणशील तर आजी त्या दारातून दिवसातून पन्नास वेळा आत-बाहेर करणार. प्रत्येक वेळी कुणाच्या तरी उपकाराखालून वाकून. तुझ्या फ्लॅटच्या दारावर कर्ज देणाऱ्या बँकेची पाटी लावून घेशील का? राग येऊ दे, मी समोर नाही हे बरंच आहे.

तात्यांनी आपल्या गल्लीतली निम्मी घरं बांधली, एकावर तरी त्यांचं नाव आहे का? मला आठवतं ते एवढंच की कुणी पाया उथळ ठेवा म्हणालं तर ते हत्यारं पिशवीत भरायला लागायचे. बोलायचे नाहीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, हायवे निपाणीजवळ यमगर्णीपाशी पाण्याखाली गेला आणि तू कोल्हापुरातच अडकलास, त्या पुरानंतर इकडे सरकारी माणसं पडलेल्या घरांना 'ए', 'बी', 'सी' असे वर्ग देत फिरत होती. पूर्ण पडलेल्याला ५ लाख, म्हणून जो तो 'ए'त यायला धडपडत होता. आपल्या गल्लीतलं तात्यांच्या हातचं एकही घर कुठल्याच वर्गात बसलं नाही. काही जण चक्क हळहळले.

आयकरात ८०जीची सूट मिळणार नाही, आम्ही नोंदणीकृत ट्रस्ट नाही. खातं तिघांच्या सहीचं आहे, पासबुकाचा फोटो दर महिन्याला ग्रुपवर टाकतो. पावती सोबत आहे. 'मिळाले' पुढे तुझं नाव न घालता तात्यांचं घातलंय, चालेल ना? पाटी नको म्हणजे अजिबात मन मोडायचं असं नव्हतं. हे पटलं नाही तर सरळ लिही, पैसे परत पाठवतो. त्यासाठी मैत्री आड येणार नाही.

खोदाई पुढच्या सोमवारी. होळीच्या आत पट्टा ओतायचा आणि मिरगाच्या आत कौलं चढवायची असा बेत आहे. कागद या खेपेला तीनदा तपासलेत. येणार असशील तर वास्तूला येऊ नकोस, खोदाईला ये. जेवण आजींकडचं, भाकरी आणि नाचण्याची आंबील. मांडे-बिंडे मिळणार नाहीत. वहिनींना घेऊन येणार असलास तर आधी कळव, आमच्याकडे एक खोली रिकामी करतो.

आणि ओळंब्याचं सांग. तो तुझा आहे. दोरी मी बदललीय, जुनी कुजली होती, ती जपून ठेवलीय. गवंडी म्हणतो हा ओळंबा मला दे, आताचे हलके येतात, वाऱ्यानं हलतात. त्याला देऊ, की तुला पुण्याला पाठवू?

तुझा
अनगोळकर