सिंहस्थाचा गुरू लोकांना दाखवा

महोदय,

सिंहस्थाच्या तयारीच्या बातम्या रोज वाचतो. घाट, रस्ते, वाहनतळ, सगळ्यांवर लिहून येते. ज्याच्या गतीवर हा मेळा ठरतो, तो गुरू मात्र पंचांगातच राहतो. सूर्याभोवतीच्या एका फेरीला त्याला ११.८६ वर्षे लागतात, म्हणजे वर्षाला साधारण एक रास. म्हणून बारा वर्षांनी तो पुन्हा सिंहेत. जुन्या लोकांनी हे नुसत्या डोळ्यांनी हेरले होते.

गेल्या हिवाळ्यात पंचवटीतल्या आमच्या गच्चीवर शेजाऱ्यांची छोटी दुर्बीण लावली. कोपऱ्यावरच्या खांबाचा पांढरा दिवा थेट डोळ्यांत येत होता, म्हणून पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसलो. गुरूची फिकट तबकडी, तिच्यावर दोन पुसट पट्टे आणि बाजूला एका ओळीत चार ठिपके. दुसऱ्या रात्री नात ओरडली, "आजोबा, एक हरवला!" तो गुरूच्या आड गेला होता. बऱ्याच वेळाने तबकडीच्या कडेला हळूच उगवला, तोवर नात जागची हलली नाही.

१६१० साली गॅलिलिओने पाहिले ते हेच चार चंद्र. त्यातला गॅनिमीड तर बुध ग्रहापेक्षाही मोठा. आयो पावणेदोन दिवसांत गुरूला फेरी मारतो. गुरू आणि शेजारचे चंद्र यांच्या ओढाताणीत त्याचे पोट इतके तापते की तिथे ज्वालामुखी सतत धगधगत असतात. युरोपाच्या बर्फाखाली खारा समुद्र असल्याची चिन्हे आहेत. एवढे सगळे त्या चार ठिपक्यांत आहे, हे मुलांना कोणी सांगायला नको का?

एक अडचण आहे. २०२७च्या ऑगस्टमध्ये, ऐन पर्वणीच्या काळात, सूर्यही सिंहेत येतो. तेव्हा गुरू त्याच्या तेजात बुडालेला असेल, शिवाय पावसाळा. गुरू पाहायचा तर त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत. तेव्हा त्याची सूर्याशी प्रतियुती आहे, म्हणजे आकाशात तो सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला असेल. वक्री होऊन, म्हणजे ताऱ्यांमधून उलटा सरकताना दिसत, तो कर्क-सिंहेच्या सीमेवर, मघा नक्षत्राच्या ठळक ताऱ्याजवळ रात्रभर दिसेल.

माझी विनंती एवढीच: फेब्रुवारी-मार्चमध्ये शनिवार-रविवारी गोदाघाटावर चार-पाच दुर्बिणी लावाव्यात, माहिती सांगायला महाविद्यालयातली मुले उभी करावीत आणि तेवढे दोन तास घाटावरचे मोठे दिवे मंद ठेवावेत. घाटावर नवे दिवे बसणारच असतील, तर ते आतापासूनच खाली तोंड करून बसवावेत.

— एक ज्येष्ठ वाचक, पंचवटी, नाशिक