साखर करपते ती शेवटच्या वीस सेकंदांत

प्रिय पक्या,

परवा फोनवर तू इतका वैतागला होतास की मधे बोलायची सोयच नव्हती, आणि खरं सांगू का, मला हसू पण येत होतं, म्हणून नुसतं हूं हूं करत बसलो. "घरी होतच नाही ते केटल कॉर्न, त्याला मशीनच लागतं" म्हणालास आणि फोन ठेवलास. म्हटलं आता सविस्तर लिहूनच पाठवावं, मेसेजमधे तुकड्या तुकड्यात सांगितलं तर तू अर्धंच वाचणार आणि पुन्हा पातेलं जाळणार.

मशीन बिशीन काही लागत नाही रे. केटल कॉर्न म्हणजे शेवटी काय, गोड-खारट पॉपकॉर्न, तेल, मक्याचे दाणे, साखर, मीठ. अमेरिकेत जत्रांमधे हे भल्यामोठ्या काहिलीत करतात आणि एक माणूस वल्ह्यासारखा लांब लाकडी दांडा घेऊन ढवळत उभा असतो. त्या माणसाच्या हाताकडे बघितलंस तर सगळी रेसिपी तिथेच आहे, तो हात थांबतच नाही. तू मात्र गॅस फुल केलास, झाकण गच्च लावलंस आणि मॅच बघायला गेलास. (हे तूच सांगितलंस, मी पदरचं काही घालत नाहीये.)

माझं पहिलं पातेलं तर तुझ्यापेक्षा वाईट होतं. रात्री साडेदहाला हुक्की आली, तेल, साखर, दाणे सगळं थंड पातेल्यात एकदम टाकलं आणि वाट बघत उभा राहिलो. आधी साखर वितळली, मग तांबूस झाली, मग धूर, आणि दाणे अजून ढिम्म. गार झाल्यावर बघतो तर तळाला काळी काच जमलेली आणि त्यात दाणे रुतून बसलेले, अख्खेच्या अख्खे, दोन-चारच काय ते फुटलेले. बायको उठून आली, पातेल्यात डोकावली, खिडकी उघडली आणि एक शब्द न बोलता परत झोपायला गेली. त्यापेक्षा चार शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं.

मग जरा खोलात शिरलो. दाण्याच्या आत साधारण 14 टक्के पाणी असतं आणि वरचं टरफल इतकं घट्ट की वाफेला बाहेर पडायला वाट नाही. आतला स्टार्च मऊ पडतो, दाब वाढत जातो आणि टरफल फाटलं की तो फसकन फुगून बाहेर येतो आणि लगेच गार होऊन आहे तसा घट्ट होतो, तीच लाही. 2015 साली फ्रान्समधल्या दोन संशोधकांनी हायस्पीड कॅमेरा वगैरे लावून हे बघितलं, तर 170 अंशाला जेमतेम 34 टक्के दाणे फुटले आणि 180 ला 96 टक्के. दहा अंशात एवढा फरक! आणि गंमत म्हणजे तो फट्ट आवाज टरफल फाटल्याचा नसतोच, आत कोंडलेली वाफ सुटते तिचा असतो.

आता साखरेचं बघ. ती 160-170 च्या आसपास रंग बदलायला लागते आणि 190 ओलांडून गेली की कडवटपणाकडे निघालीच म्हणून समज. म्हणजे बहुतेक दाणे 180 शिवाय हलत नाहीत आणि साखर तिथेच टेकीला आलेली असते, सगळा खेळ या एवढ्याशा फटीत. साध्या लाह्यांना ही भानगड नाही, तेल थोडं जास्त तापलं तरी चालून जातं. म्हणूनच दाणे आधी तापवायचे आणि साखर नंतर घालायची, आणि एकदा ती आत गेली की पातेलं सोडायचं नाही, दाराची बेल वाजली तरी.

मी आता कसं करतो ते सांगतो. पातेलं पाचेक लिटरचं, जाड बुडाचं. पातळ बुडाचं नको, बरोबर मधोमध आच लागते आणि तिथेच करपतं. पाव वाटीला थोडं कमी तेल, बटर अजिबात नको कारण त्यातला दुधाचा भाग 180 च्या बराच आधी काळा पडतो. मध्यम आचेवर तेलात तीन दाणे टाकायचे आणि थांबायचं. तिन्ही फुटले की ते काढून टाकायचे, अर्धी वाटी दाणे ओतायचे, पातेलं गॅसवरून खाली घ्यायचं आणि तीस आकडे मोजायचे. हे मला आधी येडेपणा वाटायचा पण या तीस सेकंदांत सगळे दाणे जवळपास सारखे तापतात आणि मग फुटतात पण एका दमात, त्यामुळे साखरेला आचेवर फार वेळ बसावं लागत नाही. मग पाव वाटी साखर घालून चमच्याने एकदा ढवळायचं, परत गॅसवर, झाकण. जाड साखर असेल तर मिक्सरमधून एक झटका दे, पार पीठ करू नको, त्याच्या गुठळ्या होतात.

झाकण किंचित तिरकं ठेव, वाफ बाहेर गेली पाहिजे, नाहीतर लाह्या वातड होतात. आणि इथून पुढे हातात जाड कापड धरून पातेलं हलवत राहायचं, तीन सेकंद हलव, दोन सेकंद टेकव, परत हलव. सुरुवातीला आत दाणे खडखडतात, मग आवाज भरत जातो आणि पातेलं हलवताना हाताला एकदम हलकं लागतं, आत वजन तेवढंच असलं तरी. तो क्षण मला फार आवडतो. मुलगी ओट्यापासून लांब उभी राहून फटफट मोजायचा प्रयत्न करते आणि चाळीसच्या पुढे तिचा हिशोब चुकतो. लांब म्हणजे खरंच लांब हां, वितळलेली साखर कातडीला चिकटून बसते, तेलाच्या थेंबासारखी ओघळून जात नाही.

आता तुझी खरी चूक, मॅचपेक्षा मोठी. तू सगळे दाणे फुटायची वाट बघितलीस. मी पण बघायचो, अरे एवढे वीस-पंचवीस दाणे वाया का घालवायचे म्हणून अजून थोडं, अजून थोडं करत, आणि त्या वीस सेकंदांत चांगल्या झालेल्या हजारभर लाह्यांना जळका वास लागायचा. दोन फटफटींच्या मधे दोन सेकंद शांतता आली की बंद. तिसऱ्या सेकंदाला थांबू नको. गॅस बंद करूनही तळ तापलेलाच असतो, म्हणून लगेच मोठ्या ताटात नाहीतर ट्रेमधे उपडं कर आणि दोन चमच्यांनी पसरव. न फुटलेले दाणे खाली राहतात, ते वेचून टाक, दात सांभाळायला हवेत आता आपल्या वयात.

मीठ याच वेळी, साखर अजून चिकट आहे तोवर. तेलात मीठ विरघळत नाही, आधी घातलं तर बरंचसं तळालाच राहतं. आणि बारीक मीठ घे, जाड मीठ लाहीवरून घरंगळून जातं आणि शेवटी ताटात खारट वाळू उरते. अर्ध्या चमच्याला थोडं कमी, दोन हप्त्यात, मधे हलवून. मी पहिल्यांदा भीत भीत चिमूटभरच घातलं होतं तर नुसतंच गोड लागलं, चार घास खाल्ले की पुरे. मीठ नीट पडलं तर साखर जरा तांबूस झाली असली तरी तो कडवटपणा दबतो, मिठाचा तो गुणच आहे. मात्र काळी झालेल्या साखरेला मीठ वाचवू शकत नाही, ते तुझं तू अनुभवलंसच.

लगेच तोंडात टाकू नको. मी टाकली होती एक, दोन दिवस जिभेला चव नव्हती. पाच मिनिटं थांब, गार झाल्यावरच ती कुरकुरीत होते, गरम असताना मऊच लागते आणि वाटतं की फसलं.

अजून एक, तू म्हणालास की अर्धे दाणे फुटलेच नाहीत. पाकीट किती दिवस उघडं होतं? माझ्याकडे एक पाकीट असंच महिनोन्महिने क्लिप न लावता पडलं होतं आणि मी उगाच गॅसला शिव्या घालत होतो. दाणे सुकले की आत वाफ करायला पाणीच नाही. घट्ट झाकणाच्या बरणीत भरून त्यात चमचाभर पाणी टाक, हलव, दिवसातून एकदा हलवत राहा, तीन-चार दिवसांनी थोडे दाणे घेऊन करून बघ. माझे बऱ्यापैकी सुधारले होते.

आणि ते काळं पातेलं घासत बसू नकोस, वहिनींना पण सांग. पाणी भरून उकळायला ठेव, साखरच आहे ती, बरीचशी विरघळून सुटते. तारेची घासणी मारून मी एकाचं बूड खरवडून ठेवलंय, आता त्यात सगळंच चिकटतं.

उरलं तर गार झाल्यावरच डब्यात भर, हवा लागली की साखर ओल ओढते आणि सगळ्याचा एक गोळा होतो. आमच्याकडे उरत नाही ती गोष्ट वेगळी.

रविवारी कर, आणि या वेळी फोन न करता फोटो पाठव, ट्रेचा आणि पातेल्याच्या तळाचा, दोन्ही. तळ बघितला की मला कळेल तू कितव्या सेकंदाला गॅस बंद केलास ते.

तुझाच,
सुध्या